मुरमापर्यंत

किल्ली फिरली, कडी निघाली, पण दार हलले नाही. सुधीरने आधी हाताने ढकलले, मग खांदा लावला, मग दोन पावले मागे सरून लाथ घातली. वरच्या बाजूला लाकूड चौकटीत रुतले होते. पुढच्या लाथेला दार करकरत अर्धे उघडले आणि तिथेच अडकले. अंग चोरून तो आत शिरला.

हे मागचे दार, स्वयंपाकघराचे. उन्हाळाभर कोंडलेली हवा तोंडावर आली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या चढल्यासारखी ती छतापर्यंत गेली होती आणि वर इतकी रुंद झाली होती की तिच्यातून बाहेरचा उजेड दिसत होता. ओट्याची कडप्प्याची लादी मोडली होती. फळीवरचे सुचेताचे डबे घसरून एका टोकाला जमले होते. डाळीचा डबा खाली पडून फुटला होता आणि मुंग्यांनी डाळ केव्हाच नेली होती.

सुधीरने डबा उचलला, झाकण शोधले. झाकण सापडल्यावर त्याने ते भिंतीवर फेकून मारले.

माघात सुचेता गेली, तेव्हापासून घराला कुलूप होते. ती त्रिपाद नक्षत्रावर गेली, असे त्याच्या थोरल्या भावाने, अनंताने सांगितले. गुरुजींनी पंचांग पाहिले म्हणे. अशा नक्षत्रावर माणूस गेले की घर काही महिने सोडायचे, नाहीतर त्या घरातली आणखी माणसे जातात, अशी समजूत. सुधीरने जन्मभर शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली होती. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण त्या दिवसांत त्याच्या अंगात वाद घालण्याचे बळ नव्हते. दादाने त्याची बॅग भरली, कोन गावातले हे घर बंद केले आणि त्याला शहरात निजामपुऱ्याजवळच्या आपल्या घरी नेले. तिथे समोरच्या गल्लीतले कापडाचे लूम रात्रंदिवस चालत. सुधीर खिडकीशी बसून राही. वहिनी ताट पुढे ठेवी आणि तो जेवेपर्यंत समोरून उठत नसे.

घर सोडल्याचे त्याला एवढे लागले नव्हते. लागले ते वेगळेच. बाराव्याला सुचेताच्या नावाने साडी ठेवली होती. ती यामिनीला, म्हणजे त्याच्या आतेबहिणीला द्यायची होती. यामिनीच्या दोन्ही बाळंतपणांत सुचेता तिच्या उशाशी बसली होती. यामिनीने साडीला दुरून नमस्कार केला आणि म्हणाली, त्रिपादातली नको रे, घरात नातवंडं आहेत. मग दुसरीने नको म्हटले, तिसरीने नको म्हटले. साडी पाटावरच राहिली. सुधीर समोर बसला होता आणि काही बोलला नव्हता.

भेगेचा दोष त्याने आधी वळ गावच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांना दिला. मग गवंड्याला दिला. मोरूला बोलावून भेगेत सिमेंट भरून घेतले, वरून रंगही लावला. मोरू गावातलाच, खोदकामाची आणि डागडुजीची कामे करणारा. पंधरवडा गेला नाही तोच रंग फाटला आणि सिमेंटच्या शेजारून नवी भेग निघाली.

"मी तवाच बोललो व्हतो," मोरू म्हणाला. "मोडल्या पायाला पावडर लावून काय होनार हाय?"

"बोलला नव्हतास."

"मनात बोललो."

शेवटी अपूर्वा आली. ही दादाची मुलगी, कल्याणला बांधकामांच्या कामावर इंजिनियर. दादाही तिच्याबरोबर रिक्षातून उतरला, पण घरात आला नाही. अंगणात खुर्ची टाकून बसला. अपूर्वाने सगळ्या भिंती पाहिल्या, खिडकीवरच्या तुळईला लोखंडी टेकू लावून घेतला आणि घराभोवती फिरली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जोते आणि जमीन यांच्यामध्ये अख्खा हात जाईल एवढी फट पडली होती. तिने मोरूला तिथे खड्डा घ्यायला सांगितला.

हा प्लॉट मुळात भाताचे खाचर. माती काळी, चिकण. कुदळीला ढेकळे लागत होती, विटेसारखी कडक, आणि त्यांच्यामधल्या भेगा खड्ड्याबरोबर खाली खाली जात होत्या. कंबरेएवढे खणल्यावर पायाचा तळ दिसला. अपूर्वा खड्ड्यात उतरली, तळाखालची माती बोटांनी उकरली.

"काका, स्वयंपाकघर नंतर वाढवलंत ना?"

"हो. मिहिरच्या बारावीच्या वर्षी," मुलाच्या शिक्षणावरून हिशेब लावत सुधीर म्हणाला. " पावसाळा संपता संपता."

"याचा पाया मुरमापर्यंत गेलेलाच नाही. काळ्या मातीत थांबवलाय. माती ओली, फुगलेली असताना. पुढचं घर मुरमावर आहे, ते जागचं हललेलं नाही."

"मग इतकी वर्षं हे कसं उभं राहिलं?"

अपूर्वाने खड्ड्याच्या काठाकडे पाहिले. तिथे केळीचे वाळलेले बुंधे आडवे पडले होते.

"काकूच्या पाण्यावर," ती म्हणाली.

मोरीचे पाणी सुचेताने पहिल्यापासून या कोपऱ्यात सोडले होते. केळी होत्या, अळू होते. भांड्यांचे पाणी, तांदळाचे धुवण, वर संध्याकाळी पंप लावून विहिरीचे पाणी. भर वैशाखातही तिथे पाय रुतायचा. अपूर्वाने समजावून सांगितले की ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. या कोपऱ्याला ती कधी सुकूच दिली गेली नव्हती. यंदा पहिल्यांदा तिथे माघापासून थेंब पडला नाही. माती आकसली, तिच्यावरचा कोपरा खाली बसला आणि भिंत फाटली. आता घाईने पाणी ओतायचे नाही, भेग भरायची नाही. थोडे थोडे पाणी देत माती जागेवर येऊ द्यायची, आणि पावसाळ्यानंतर पायाखाली तुकड्यातुकड्याने खणून मुरमापर्यंत काँक्रीट भरायचे. सगळा पाया एकदम उघडा केला तर भिंत अंगावर येईल.

सुधीरने ते सगळे ऐकून घेतले. मग तो खुर्चीकडे वळला.

"ऐकलंस, दादा?"

"ऐकलं."

"घर बंद नसतं ठेवलं तर हे झालं नसतं. तुझ्या त्रिपादानं माझं घर फोडलं."

दादा चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत राहिला. अपूर्वा खड्ड्यातून म्हणाली की पाया मुळातच चुकीचा होता, कधी ना कधी हे होणारच होते. सुधीरने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याने बोलायला सुरुवात केली आणि माघापासून गिळलेले सगळे बाहेर पडले. यामिनीचा नमस्कार, शांतीच्या दिवशी प्रसाद न खाता उठलेले व्याही, आणि ज्यांच्या घरची लग्ने सुचेताने पदर खोचून पार पाडली त्यांनी तिचा फोटोसुद्धा उंबऱ्याबाहेरून पाहिलेला.

"साथीच्या रोगानं मेल्यासारखी वागवली तिला. तू तिथं बसला होतास, दादा. ती साडी पाटावर राहिली आणि तू पान लावत होतास."

"त्रिपाद नव्हतं," दादा म्हणाला.

मोरूची कुदळ थांबली.

"काय?"

"गुरुजींनी पंचांग पाहिलं. म्हणाले, काही दोष नाही, घर सोडायची गरज नाही. मी तुला आणि भावकीला उलटं सांगितलं."

सुधीर एक पाऊल पुढे आला. दादाने चष्मा डोळ्यांवर चढवला, पण त्याच्याकडे पाहिले नाही. तो विहिरीकडे पाहत होता.

"नवव्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा विहिरीवरची जाळी बाजूला काढलेली होती. तू कठड्यावर बसला होतास, पाय आत सोडून. ती जाळी दोन माणसांशिवाय हलत नाही, सुधीर. तू एकट्यानं ओढली होतीस."

"बादली पडली होती आत."

"असेल."

"असेल म्हणजे? मग तेव्हाच विचारायचं."

"काय विचारायचं?" दादाचा आवाज पहिल्यांदा चढला आणि लगेच खाली आला. "नुसतं चल म्हटलं असतं तर आला असतास? मिहिरनं पुण्याला ये म्हणून हात जोडले, त्याला तू घालवून दिलंस. मला सुचलं ते मी केलं. देवाधर्माचं नाव काढलं, तेव्हा तू उठलास."

सुधीरच्या मुठी आवळल्या होत्या. त्याने त्या पाठीमागे घेतल्या.

"मला वेडा ठरवायचंस. भावकीला सांगायचंस, याचं डोकं फिरलंय, याला एकटं सोडू नका. मी ऐकून घेतलं असतं. तिच्या मरणावर कशाला दोष ठेवलास? ती आता कुणाला सांगायला येणार आहे?"

दादाने धोतराचे टोक मांडीवर सारखे केले.

"आता सगळ्यांना सांग. एकेकाला फोन लावून सांग, दोष नव्हता म्हणून. पहिला यामिनीला."

"सांगतो," दादा म्हणाला. "आत्ता लावतो. पण ती विचारेल, मग घर का बंद ठेवलं होतंत. काय सांगू, ते तू सांग."

त्याने खिशातून फोन काढला आणि मांडीवर धरला. कल्याण रस्त्यावरून कंटेनर गेला, त्याच्या धक्क्याने खड्ड्याच्या काठची माती थोडी आत घसरली. सुधीर फोनकडे पाहत उभा राहिला. दादा वाट पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने फोन परत खिशात ठेवला.

अपूर्वा वर आली. हात झटकत ती विहिरीपाशी गेली आणि जाळीला टेकून आत वाकली. पाणी इतके खाली गेले होते की तळाचे दगड उघडे पडले होते. बादली शोधावी तशी ती बराच वेळ पाहत राहिली. सुधीर तिकडे गेला नाही. आत काय आहे आणि काय नाही, ते त्याला ठाऊक होते.

"थांबलास कशाला?" तो मोरूवर ओरडला. "तुला इथं गोष्टी ऐकायला बोलावलंय का?"

मोरूने कुदळ उचलली.

दिवाळीनंतर काम सुरू झाले. एक तुकडा खणायचा, काँक्रीट भरायचे, ते घट्ट होऊ द्यायचे, मग एक तुकडा सोडून पुढचा. पुरुषभर खाली गेल्यावर लालसर मुरूम लागला. मोरूने त्यावर पहार आपटून आवाज ऐकवला. अपूर्वाने घराभोवती उताराची फरशी करायला सांगितली आणि मोरीचे पाणी नळीने कुंपणापर्यंत न्यायला लावले. या कोपऱ्यात आता पाणी मुरू द्यायचे नाही. सुधीर त्यावरून तिच्याशी दोन दिवस भांडला. मग त्याने स्वतः कुदळ घेऊन केळीचे कंद काढले. एक जिवंत निघाला. तो त्याने कुंपणाशी लावला.

दादा रविवारी येतो. वहिनीने दिलेला डबा ओट्यावर ठेवतो, खड्ड्यात डोकावतो, किती खाली गेलात विचारतो. सुधीर कामापुरते सांगतो. दादा निघाला की त्याला रिक्षापर्यंत सोडायला तो जात नाही.

एकदा सुधीरने स्वतःच यामिनीला फोन लावला. तिने घराची चौकशी केली. त्याने तिला काळ्या मातीविषयी सांगितले, मुरमाविषयी सांगितले, पायाखाली खणताना मधले तुकडे का सोडावे लागतात तेही सांगितले. ती म्हणाली, बरं झालं रे, घर तरी वाचलं. तो हो म्हणाला. मग ती वाट पाहत थोडी थांबली, तोही थांबला आणि त्याने फोन ठेवला.

पायाचे दोन तुकडे अजून बाकी आहेत. भेग एक उन्हाळा पाहून मगच बुजवायची, असे अपूर्वाचे म्हणणे आहे. माघात सुचेताचे वर्षश्राद्ध आहे, आणि भावकीला निमंत्रणे गेली आहेत. ती गेली त्या दिवशी कसलाही दोष नव्हता, हे त्यांच्यापैकी कुणालाही अजून कुणी सांगितलेले नाही.