गाडी भरेपर्यंत

मला लोक विचारतात, हे बोलणं कुठं शिकलात? मी सांगतो, दारव्ह्याच्या स्टँडबाहेर, वाहिदच्या काळी-पिवळीत. लोक हसतात. आमच्या धंद्याची हीच गंमत आहे, खरं बोललं तरी टाळी पडते.

२००६ साल. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर वाहिदची जीप चालायची. कागदावर नऊ माणसांची, वाहिदच्या मते सतराची. गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही, हा स्टँडचा कायदा. आणि घोळ तिथंच होता. पहिला माणूस बसल्यापासून सतरावा यायला कधी कधी तास लागायचा. मध्येच एसटी लागली की बसलेल्या सवाऱ्या भराभर उतरून तिकडं पळायच्या. त्यावर वाहिदनं शोधलेला उपाय म्हणजे मी. मागच्या बाकावर बसायचं आणि बोलत राहायचं. एसटी आली तरी कुणाचा पाय खाली पडता कामा नये.

सुरुवात मी माझ्या नावापासून करायचो. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर ठेवलं, उचललं आणि उकंडा नाव दिलं. ज्याला उकिरड्यानं ठेवून घेतलं नाही, त्याला तुम्ही काय नाकारणार, असं म्हटलं की पहिलं हसू फुटायचं. मग पुढचा तास माझा.

सोपं नव्हतं हो ते. त्या वर्षी कापसाचा भाव असा बसला होता की बाजारातून परतणारी माणसं ओठ शिवल्यासारखी बसायची. त्यात दर आठवड्याला कुठून तरी कॅमेरे यायचे. आमचा जिल्हा टीव्हीवर रोज दिसायचा आणि रोज रडताना दिसायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. दुःख होतंच, नाही कोण म्हणतं? पण त्या वर्षीही आमच्याकडं लग्नं लागली, पोरं वरातीत नाचली, म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या चपला लपवल्या. ते कुणी दाखवायचं?

त्या रागातूनच माझी सगळ्यात चाललेली गोष्ट निघाली. एका बुढ्यानं कालच नवी कवळी बसवलेली असते आणि आज गावात टीव्हीवाले येतात. ते म्हणतात, बाबा, जरा दुःखी चेहरा करा. बुढा म्हणतो, दात कालच बसवले, गावानं अजून पाह्यले नाही, तोंड बंद कसं करू? ही गोष्ट मी कितीही लांबवू शकायचो. बुढा कवळी आणायला निघतो तिथूनच धरायची, आणि वाटेत त्याला सगळा तालुका भेटवायचा.

माझी आई सत्यशीला शाळेत खिचडी शिजवायची. तिला माझं हे काम अजिबात पसंत नव्हतं. तिच्या भावानं, सदाशिवमामानं, उमरखेडच्या एका वसतिगृहात माझ्यासाठी चौकीदाराची जागा बघून ठेवली होती. तेवढ्यात कळलं, मुंबईचा एक हास्य-कार्यक्रम यवतमाळला कलाकार निवडायला येतोय. मी आईच्या हातापाया पडलो. ती म्हणाली, "एक डाव पाह्यतो म्हणतं, पाह्य. टीव्हीवर दिसला त जाय मुंबईले. नाही दिसला त मुकाट्यानं उमरखेडले जायचं. दादाले मी महिनाभर थांबाले सांगतो."

म्हणजे एक महिना. नाहीतर जन्मभर फाटक उघडायचं आणि लावायचं. मला नुसत्या विचारानं रडू आलं होतं.

त्या दिवशी वाहिदच मला घेऊन गेला. आता वाहिद रिकामी गाडी नेईल तर तो वाहिद कसला? सवाऱ्या भरूनच निघालो. त्यात मानीबाई होती. दारव्ह्याच्या बाजारात लसूण विकायची, आईची जुनी मैत्रीण. आदल्या वर्षी नवरा गेल्यावर तिनं बाजार सोडला नव्हता, पण बोलणं सोडलं होतं. कार्यक्रम फुकट आहे कळल्यावर जीपमधली आठ-दहा माणसं आमच्यासोबत मंगल कार्यालयातच शिरली.

सकाळी निवड. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर ममता मॅडम, कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका. मी कवळीची गोष्ट धरली आणि रंगात आलो. तीन मिनिटांची घंटा वाजली तेव्हा माझा बुढा अजून घरातच टोपी शोधत होता.

"बोलता छान," मॅडम म्हणाल्या, "पण विनोद कुठे होता?"

"येऊनच राह्यला होता, मॅडम."

त्या हसल्या आणि माझ्या नावापुढं फुली मारली. काय सांगणार त्यांना? माझ्या धंद्यात गोष्ट संपली की माणूस उतरतो. मी आयुष्यात एकही गोष्ट संपवली नव्हती.

दुपारी निवडलेल्यांचं चित्रीकरण होतं. मी तोंड पाडून मागं बसलो. वाहिदला कार्यक्रम बघायचा होता, म्हणून थांबलो. खिडक्यांना काळे पडदे, तीनशे माणसं खचाखच. पहिला पोरगा स्टेजवर चढला आणि लाइट गेली. भारनियमन, दुसरं काय. जनरेटर सुरू झाला, दोनदा खोकला आणि बंद पडला. अंधार, वर उन्हाळा. लोक कुरकुरले, मग उठायला लागले. मॅडम दाराशी उभ्या राहून हात जोडत होत्या. प्रेक्षक गेले तर कार्यक्रम कुणापुढं करणार?

वाहिदनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "पाह्यतं का बे? सवाऱ्या उतरून राह्यल्या! मी जनरेटर पाह्यतो, तू सवाऱ्या सांभाय!"

मी कधी उभा राहिलो मलाच कळलं नाही. "बसा बाप्पा, बसा! माह्यं नाव उकंडा!" ना माइक, ना उजेड. पण मला उजेड कशाला पाहिजे होता? उठलेली माणसं दाराशी थांबली, मग भिंतीला टेकली, मग परत खुर्च्यांवर बसली. बुढ्याला टोपी सापडली. तो निघाला. त्याला सरपंच भेटला, व्याही भेटला, रुसलेली सासू भेटली. कवळी बसली, टीव्हीवाले आले, आणि सबंध हॉल खिदळत होता. लोक मागून ओरडून बुढ्याला सल्ले देत होते. सव्वा तास. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की फुली, उमरखेड, सगळं विसरलो होतो.

लाइट आली तरी मी बोलतच होतो. कॅमेरेवाल्यांनी गुपचूप कॅमेरे सुरू केले, पण माझ्याकडं नाही, प्रेक्षकांकडं वळवले.

नंतर मॅडमनी बोलावलं. "मुंबईत आमचं चित्रीकरण सारखं अडतं, आणि प्रेक्षक कंटाळतात. त्यांना सांभाळायला या. पण एक सांगते, तुम्ही पडद्यावर दिसणार नाही."

काम मिळालं होतं, आणि नेमकं आईच्या अटीत न बसणारं.

महिन्याभरानं कार्यक्रम लागला. वाहिदच्या घरी टीव्हीपुढं आई, मी, वाहिद. एकेक पोरगं येऊन गेलं. मी कुठंच नाही. आईनं पदर सावरला, उठायच्या बेतात आली. पडद्यावर एक जण बायकोवरचा शिळा विनोद सांगत होता. आणि अचानक पडद्यावर मानीबाई आली. मान मागं टाकलेली, हात तोंडावर, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय, हसतेय, शेजारणीच्या खांद्यावर कोसळतेय. त्या दिवशी गर्दीत मलाही ती दिसली नव्हती.

"मानी?" आई पुढं सरकली. "ही कायले एवढी हसून राह्यली? त्या पोट्ट्याच्या बोलण्यात काहीच त नव्हतं!"

वाहिद म्हणाला, "मावशी, त्याच्यावर नाही हसून राह्यली. हे हसणं उकंड्यानं काढलं. टीव्हीवाल्यांनी ते कापून त्या पोट्ट्याच्या मागं लावलं."

पुन्हा प्रेक्षक दिसले. आमचीच माणसं, ओळीनं, तोंडं उघडी टाकून. आई टीव्हीच्या काचेजवळ जाऊन एकेक चेहरा बघत राहिली. कार्यक्रम संपला तेव्हा तिनं वाहिदकडून फोन मागून घेतला.

"दादा, त्या चौकीदारीवर दुसरा पोरगा पाह्य. आमचा उकंडा मुंबईले चालला."

पलीकडून मामानं विचारलं असावं, तिकडं असं कोणतं काम लागलं.

आईनं परत एकदा टीव्हीकडं बघितलं. मग म्हणाली, "त्यानं मानीले हसवलं, दादा," आणि फोन ठेवून दिला.