नवसाचा उपास

मोठा उपास संपला आणि दमियानाची खरी पंचाईत सुरू झाली.

उपासाच्या दिवसांत मल्लवी गावातल्या त्या ख्रिस्ती गल्लीत सगळ्या चुली सारख्याच. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, तूप नाही. सोनाराच्या घरी मसूर आणि दमियानाच्या घरीही मसूर. कुणी कुणाच्या झाकणाखाली डोकावत नाही. उपास हा गरिबाचा पदर असतो. त्याखाली काय काय झाकलेलं असतं ते गरिबालाच ठाऊक. पण प्रभू उठल्याच्या सणाची रात्र उलटली की गल्लीभर चरबीचा वास सुटतो, आणि ज्या घरातून तो सुटत नाही ते घर नागडं पडतं.

नवरा बुक्तुर गेल्यापासून दमियाना व्यापाऱ्याचा लसूण सोलायची. बोटांची सालं निघायची तेव्हा कुठे भाजी-भाकरीपुरते पैसे सुटायचे. देवळातून गरिबांना सणाचं मांस-धान्याचं पोतं मिळतं. अशांना देऊळ म्हणतं ‘प्रभूची भावंडं’. नाव गोड, पण एकदा ते पोतं दारात आलं की जन्मभर तीच ओळख. बुक्तुरने मरेपर्यंत ते घेतलं नव्हतं. आणि आता तर समोरच्या घरातल्या उम्म गत्तासच्या मुलाशी लेक योस्तिनाचं लग्न ठरत आलं होतं. ती बाई पहिल्याच बैठकीत म्हणाली होती, "सोनंनाणं मागत नाही मी. फक्त पोत्यावरच्या घरची पोरगी नको."

सणाच्या तिसऱ्या दिवशी उम्म गत्तास बिस्किटांचं ताट घेऊन आली आणि उंबऱ्यातच नाक वर केलं.

"काय गं, तुझी चूल रुसली का? सणाचा काही वासच नाही!"

भांड्यात नुसत्या पाण्यात दुधी शिजत होता. दमियानाच्या तोंडून निघून गेलं, "नवस बोललेय. पोरीची गाठ बांधली जाईपर्यंत मांस शिवायचं नाही."

"अगं बाई! पण सणानंतरच्या या पन्नास दिवसांत उपास करतं का कुणी? पाप लागतं!"

"अबूनांना विचारलंय," दमियाना म्हणाली. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं, तेही धर्मगुरूंच्या नावाने.

त्या दिवसापासून गल्ली तिच्याकडे आदराने पाहू लागली. पाण्याच्या नळावर बायका तिला पुढे करायच्या. योस्तिना मात्र रात्रीच्या दुधीकडे बघून म्हणाली, "आई, संतीण झालीस, पण मला भूक लागते गं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. थोडं सोस."

पण कौतुकाला तोंड असतं. उम्म गत्तासने ते थेट देवळात नेलं: "अबूना, मलाही या दिवसांत उपासाची परवानगी द्या ना, दमियानाला दिलीत तशी!"

अबूना शेनूदा भला माणूस. गरिबाला भल्या माणसांचीच जास्त भीती. ते त्याच दुपारी आले, मागे उम्म गत्तास.

"दमियाना, मी कधी परवानगी दिली तुला?"

ती भांड्यावरचं झाकण नीट बसवू लागली.

"लेकी, हे आनंदाचे दिवस. यात उपास म्हणजे प्रभू उठलाच नाही म्हणण्यासारखं. पुरे झालं. आत्ता माझ्यासमोर सोड."

"सोडते ना," दमियाना म्हणाली, आणि मग इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. "पण कशाने सोडू, अबूना? सांगा ना, कशाने सोडू?"

उम्म गत्तासने पुढे होऊन भांड्याचं झाकण उचललं. पाणी, दुधी, दोन लसणाच्या पाकळ्या. तिने झाकण हळूच परत ठेवलं. तो हळूपणा शिवीपेक्षा वाईट होता.

अबूनांचे डोळे भरले. ते माघारी गेले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत देवळातल्या दोन बायका पोतं घेऊन दारात. गल्लीला ऐकू जाईल अशा मायेने हाका मारत, "दमियानाताई, सणाची भेट आलीय हो!" पोत्याच्या तळातून रक्त ठिबकत होतं.

त्या गेल्यावर उम्म गत्तास उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पोरगी गुणाची आहे तुझी. खोटं कशाला बोलू? पण उद्या लोक माझ्या मुलाला पोत्यावरची बायको केली म्हणतील. तू तरी काय करशील म्हणा..."

"निघा तुम्ही, मावशी," योस्तिना म्हणाली आणि दार लावलं.

दमियाना भिंतीला टेकून बसली. "फेकून दे ते. कुत्र्यांना घाल."

"कुत्र्यांना का? त्यांचं काय अडलंय?" योस्तिनाने पोतं उचललं. "लग्न गेलं, आई. आता हे तरी जायला नको. या उकाड्यात सकाळपर्यंत सडेल."

तिने दुधी बाजूला काढला, मांस धुतलं, कांदा टाकला. उकळी फुटली तशी वाफ खोलीभर झाली, मग खिडकीतून गल्लीत गेली. समोरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

योस्तिनाने सर्वात मोठा तुकडा आईच्या भाकरीवर ठेवला. दमियानाला स्वतःच्या तोंडाची चीड आली. त्याला पाणी सुटलं होतं.