शेजारी उभी फूटपट्टी

"तुमच्या रांजणाशेजारी उभी आहे ती फूटपट्टी नाही. तो माझा नवरा आहे."

फोनच्या पलीकडे संग्रहालयाच्या वेबसाइट विभागातली मुलगी होती. तिने जे काही शिक्षण घेतलं असेल ते असो, या वाक्याला उत्तर त्यात शिकवलेलं नव्हतं. ती जपून म्हणाली, "मॅडम, नंबर बरोबर लागलाय ना?"

"नंबर कसा लावायचा ते मला शिकवू नका. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही."

ते खरंच होतं. ऑपरेटरबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. सात वर्षांच्या असताना तापात डोळे गेले, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत राहिली, आणि जीभ तर जरा जास्तच. लिफ्टने मजल्याचा आकडा बोलून दाखवला नाही की बाईंची तक्रार गेलीच. बँकेच्या यंत्राने बटणं बदलली, गेली तक्रार. शेजारीपाजारी हात जोडायचे. पण खरं सांगायचं तर बाई तक्रार करायच्या त्यातलं निम्मं कारण एवढंच, की तक्रार केली म्हणजे कुणीतरी दोन मिनिटं बोलतं. बाकी घरात बोलायला होता तो एकटा बोलका. बोलका म्हणजे संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. सकाळी बातम्या तोच सांगायचा, दुपारी पत्रं तोच वाचायचा, आणि उलट काही विचारलं तर ढिम्म.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो याच संग्रहालयात सव्वीस वर्षं रोजंदारीवर होता. मूर्ती उचल, पेट्या हलव, काचा पूस, असली कामं. आणि आणखी एक काम, ज्याचा त्याला फार तोरा. संग्रहालयाचा जुना फोटोग्राफर मोठ्या वस्तूंचे फोटो काढायचा तेव्हा वस्तू केवढी आहे ते कळायला शेजारी काहीतरी ठेवावं लागे. त्याच्याजवळची लाकडी पट्टी होती एक फुटाची. तोफेशेजारी ती ठेवली तर दिसणार काय, कपाळ! मग हाक यायची, "ए फूटपट्टी, चल, उभा राहा." हा जाऊन उभा राहायचा. साडेपाच फूट, ना इंच कमी ना इंच जास्त. तेच नाव पडलं. सव्वीस वर्षांत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं तिथे कुणी उरलं नाही.

"तुझ्याशिवाय सगळ्या जगाने मला पाहिलंय बघ," तो घरी येऊन चिडवायचा.

"जगाचं नशीब फुटकं," बाई म्हणायच्या.

संग्रहालयाची वेबसाइट पूर्वी बाईंच्या काही कामाची नव्हती. बोलका नुसताच म्हणायचा, चित्र, चित्र, चित्र. मग सरकारी फतवा निघाला, की न दिसणाऱ्यांनाही साइट वापरता आली पाहिजे, प्रत्येक फोटोखाली त्याचं वर्णन लिहा. महिनाभरात चार हजार वर्णनं तयार झाली. बाईंनी ती पहिल्यापासून ऐकायला घेतली. नवऱ्याचा फोटो लागला तर वर्णनात कुठेतरी येईल, शेजारी एक माणूस उभा आहे. बस, एवढंच त्यांना हवं होतं. तो कुठेतरी आहे, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

कारण घरात तो कुठेच नव्हता. लग्नातला एक फोटो होता चौकटीत. नवरा गेल्यावर बाई छोट्या घरात राहायला आल्या, तेव्हापासून रोज सकाळी त्या चौकटीची काच पुसायच्या. सहा वर्षं पुसली. मग एकदा गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सहज विचारलं, "मावशी, ही रिकामी चौकट कशाला टांगलीय?" रिकामी नव्हती. ओल लागून आतला कागद खलास झाला होता, नुसते डाग उरले होते. बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. कुणाला सांगणार? पुतणीला फोन केला तर ती म्हणाली, "काका? मला नाही गं काकू नीट आठवत. उंच होते ना?" उंच! बाईंनी फोन ठेवला.

तर चार हजार वर्णनांत माणूस एकही निघाला नाही. निघालं ते असं: मातीचा मोठा रांजण, शेजारी उभी फूटपट्टी. लाकडी दरवाजा, शेजारी उभी फूटपट्टी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई पुढे गेल्या. तिसऱ्यांदा ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. पट्टी ठेवतात. उभा राहतो तो माणूस.

आणि तसंच झालं होतं. फोटोग्राफरने आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं, 'रांजण, शेजारी फूटपट्टी उभा'. वर्णनं लिहिण्याचं कंत्राट ज्यांना मिळालं त्यांना चार हजार फोटो पाहायला वेळ कुठला? त्यांनी वही समोर घेतली आणि उतरवत सुटले. 'फूटपट्टी उभा' हे त्यांना व्याकरणाचं चुकलेलं वाटलं असणार. त्यांनी ते सुधारलं. उभा होता तो उभी झाला.

वेबसाइटवालीने त्याच दुपारी रांजणाचा फोटो उघडला आणि स्वतःहून फोन केला. "मॅडम, तुम्ही म्हणता ते खरं आहे. इथे माणूस आहे. आम्हाला माफ करा."

"मग लिहा."

"लिहिते. मी साहेबांना सांगते."

साहेबांनी डोकं चालवलं. म्हणाले, एकेक कशाला बदलत बसतेस, एका झटक्यात सगळीकडे 'उभी फूटपट्टी'च्या जागी 'उभा एक पुरुष' टाक. दुसऱ्या दिवशी बाईंनी ऐकलं: तांब्याचं नाणं, शेजारी उभा एक पुरुष. हस्तिदंती कंगवा, शेजारी उभा एक पुरुष. कंत्राटदारांनी खऱ्या पट्टीलाही सरसकट 'उभी'च करून ठेवलेलं. बाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या आणि फोन लावला. "अहो, त्या कंगव्याशेजारी उभा राहायला माझा नवरा काय ऊ होता?"

पलीकडे मुलगीही हसली, आणि तिथून मॅडमची मावशी झाली आणि अहोचं अगं झालं. आता एकेक फोटो डोळ्यांनी पाहून ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, इथे पट्टी की इथे माणूस. ते काम तिच्याच गळ्यात पडलं.

"आणि नाव?" बाईंनी विचारलं. "एक पुरुष काय, एक पुरुष! तो काय रस्त्यावरून चालला होता?"

इथे घोडं अडलं. नाव लिहायचं तर नियम होता: ओळख पटवणारा कुणीतरी हवा. रोजंदारीवाल्यांची हजेरीपुस्तकं कधीच रद्दीत गेली होती. ओळखपत्र दवाखान्यात जमा केलं ते परत आलं नाही. फोटोग्राफर वारला, त्याच्या आधी दरवान वारला. मुलीने फॉर्म वाचून दाखवला, "मी सदर व्यक्तीस छायाचित्रात पाहून ओळखले आहे..." आणि मध्येच ओशाळून थांबली.

"वाच की पुढे," बाई म्हणाल्या. "त्याला ओळखणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि तिला पाहता येत नाही. छान आहे."

मग बाईच म्हणाल्या, "त्याच्या हाताला एक खूण आहे. कुठल्या हाताला, कुठे, कसली, ते मी सांगणार नाही. तू बघून मला सांगायचं. जुळली तर झाला की नाही पुरावा?"

"झाला," मुलगी म्हणाली. साहेबही हो म्हणाले. त्यांना काय, त्यांचा एक फॉर्म भरला जात होता.

मग रोज दुपारी चारला फोन वाजू लागला. मुलगी हातातली कामं उरकून दहा-बारा फोटो उघडायची आणि सांगायची. "तोफ. माणूस आहे. हात मागे." "पालखीएवढी पेटी. माणूस. हात मागे." सगळीकडे हात मागे! फोटोग्राफरची सक्त ताकीद, हात पुढे आले की लोकांचं लक्ष वस्तूवरून उडतं. बाईंनी त्या मेलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या.

पण हात नाही तर नाही, बाकीचं येत होतं.

"मावशी, या फोटोत मिशी नाहीये."

"अगं बाई! काढली होती एकदा, पंधरा दिवस. घरी आला, जवळ आला, आणि मी किंचाळले. मला वाटलं परका पुरुष."

"आणि मग?"

"मग काय मग! तुला काय करायचंय? पुढचा फोटो बघ."

मुलगी सांगायची, इथे शर्टाचं वरचं बटण नाही. इथे तो वैतागलेला दिसतो. इथे हसू दाबतोय. बाईंना ठाऊक नव्हतं की तो हसू दाबायचा. हसला की आवाज यायचा, आणि आवाज आला नाही की बाई समजायच्या, हसला नाही. एकवीस वर्षांच्या संसारात किती हसू असं बाईंच्या समोरून गुपचूप निघून गेलं असेल? त्यांना त्याचा राग आला, आणि रागाच्या पोटात रडू होतं ते त्यांनी फोनवर येऊ दिलं नाही.

चारच्या फोनसाठी बाई साडेतीनला चहा उरकून बसू लागल्या. आपण वाट पाहतोय हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. एकूण त्रेसष्ट फोटो निघाले. चाळीस झाले, पन्नास झाले, आणि बाई उरलेले फोटो बोटांवर मोजू लागल्या. हात मिळाला नाही तर तो कायमचा एक पुरुषच राहणार. आणि मिळाला तर हे फोन बंद होणार.

अठ्ठावन्नावा फोटो पितळी घंटेचा होता. "घंटा लाकडी तिवईवर ठेवलीय," मुलगी सांगत होती, "तिवई जरा कललेली वाटते. माणूस आहे. हात... मावशी, एक हात पुढे आहे! घंटा धरलीय त्याने. पडेल म्हणून धरली असेल."

"नीट बघ," बाई म्हणाल्या.

"थांबा, मोठं करते. डावा हात आहे. अंगठा मागे गेलाय. एक, दोन, तीन..." तिने परत पहिल्यापासून मोजली. "मावशी, करंगळी अर्धीच आहे."

सामान चढवायच्या लिफ्टच्या दारात गेली होती ती, लग्नाच्या आधीच. रस्त्याने चालताना बाई त्याच्या डाव्या बाजूला असायच्या. साडेचार बोटांचा तो हात त्यांनी एकवीस वर्षं धरला होता.

"मावशी? आहात ना?"

"आहे. फॉर्म काढ. त्यातलं ते 'पाहून' आधी खोड."

"खोडलं. त्याच्या जागी काय लिहू?"

"काही नको. 'ओळखले आहे' एवढं पुरे."

"बरं. आता नाव सांगा त्यांचं."

आणि बाईंना चटकन नाव उच्चारता येईना. विसरल्या नव्हत्या, विसरतील कशा? पण अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारल्याशिवाय नाव घ्यायचं ते कुणापाशी? त्यांनी ते आधी सलग सांगितलं, मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मुलीने ते लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. तिने ते बरोबर वाचलं.

उरलेले पाच फोटो पाच मिनिटांत झाले. "संपलं हो मावशी," मुलगी म्हणाली, "एकदाचं." ती खूश होती, आणि तिचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले तेव्हा फोन वाजला नाही. बाईंनी सवयीने चहा आधीच घेतला होता. त्यांनी संगणक लावला आणि रांजणाचं पान उघडलं. बोलक्याने वाचलं: मातीचा मोठा रांजण, शेजारी मापासाठी उभे संग्रहालयाचे कर्मचारी, आणि मग नाव. ते त्याने इतकं वाईट वाचलं! मधलं जोडाक्षर फोडलं, शेवटचं अक्षर गिळलं आणि आडनावाला भलताच हेल काढला.

"मेल्या, असं नाही," बाई म्हणाल्या, आणि नाव मोठ्याने, नीट घेतलं.

पुढचं पान. बोलक्याने पुन्हा तसंच केलं. बाईंनी पुन्हा दुरुस्त केलं. तोफ झाली, दरवाजा झाला, घंटा झाली. त्रेसष्ट पानांना तासभर लागला.

आठवड्याने वेबसाइटवालीचा फोन आला. घाईत होती, कुणीतरी मागून तिला हाक मारत होतं. "मावशी, पटकन सांगा, सगळं नीट वाचलं जातंय ना? नावाचा उच्चार वगैरे? चुकत असेल तर इथून दुरुस्त करता येतो, एका मिनिटाचं काम आहे."

"नाही गं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "अगदी बरोबर वाचतो."