थकले की थकलो?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि गोरेगावच्या आमच्या शाळेतली सगळी गुपितं माझ्या पोटात सुरक्षित असतात. निदान माझ्यावर तसं रंगवलं आहे. माझी किल्ली पर्यवेक्षक नंदकिशोर सरांकडे असते आणि बरोबर माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे.

फॅब्रिकेशनवाल्याने मला दानपेटी म्हणून घडवलं होतं. फट अरुंद निघाली, देवळाने परत पाठवलं. शाळेने रंग देऊन ‘मन मोकळं करा’ असं नाव दिलं. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. नंतर चॉकलेटचे कागद आले.

मग एका सोमवारी एक चिठ्ठी पडली. ‘मला वर्गातली ती आवडते. कळलं तर सगळे हसतील. जगावंसं वाटत नाही. मी थकले.’ कोणी टाकली, ते मला ठाऊक होतं. पण माझं तोंड फक्त आत घेण्यासाठी आहे.

सरांनी चिठ्ठी वाचली आणि आधी लाल पेनाने ‘थकले’चं ‘थकलो’ केलं. मग कॅमेऱ्यात माझ्यापाशी नववीचीच गर्दी दिसली, म्हणून नववीच्या सगळ्या मुलग्यांकडून दहा-दहा ओळी लिहून घेतल्या, अक्षर जुळवायला. अल्पेशवर संशय आला, कारण तो हल्ली केस विंचरत होता. सिद्धेशवर आला, कारण तो विंचरत नव्हता. मुलं एकमेकांकडे चोरून बघू लागली. शेवटी सरांनी पुरावा म्हणून चिठ्ठीसकट मला भिंतीवरून उतरवून समुपदेशक अनुपमा मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

तिथे सगुणामावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी चिठ्ठीवर नजर टाकली.

“सर, हे थकलेच हाय. मुलगी हाय ती.”

“मावशी, मुलीला ‘ती’ कशी आवडेल?”

“ते तिलाच विचारा ना. खिडकीजवळची ऋतिका तीन दिवस डबा उघडत नाय. तुम्ही पोरांच्या वह्या तपासताय.”

सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि बाहेर गेले.

मॅडमनी ऋतिकाला बोलावून दार लोटलं. ती माझ्याकडेच संशयाने बघत होती. तिचं चुकत नव्हतं.

“मरायचे विचार येतात का गं?” मॅडमनी सरळ विचारलं.

तिने माझ्यावरची नजर काढून मॅडमकडे पाहिलं. “येतात.”

“बरं झालं सांगितलंस. आज तू एकटी राहायचं नाहीस.”

“आईला सांगणार?”

“कोण आवडतं, ते तू म्हणशील तेव्हा आणि तूच. जीव नकोसा झालाय, हे मात्र आजच सांगायचं. मी बसते ना तुझ्या बाजूला.”

“ती हसेल.”

“कोण, आई?”

“नाही. ती.”

मग ऋतिका रडली, पुष्कळ. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आई आली, मॅडम बाजूला बसल्या, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही गेल्या सगळ्या. ऋतिका आता दर गुरुवारी मॅडमकडे येते. ‘ती’ कोण, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी डबा उघडत नसेल, तर अक्षर जुळवत बसू नका. बाजूला जाऊन बसा, विचारा आणि एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि तुम्ही स्वतःच थकला असाल, तर कृपया पेटीवर विसंबू नका. मी पत्र्याची आहे.

मला परत भिंतीवर टांगलं आहे. काल त्याच अक्षरात नवी चिठ्ठी आली: ‘मुलींच्या बाथरूमचा नळ गळतो.’

सरांनी शुद्धलेखन तपासलं, बरोबर निघालं. नळ अजून गळतो आहे.