वरच्या ओळीची शिडी

मी एक जुनी, तीन पायऱ्यांची लाकडी शिडी आहे, मित्रांनो. कोरियात, नाकडोंग नदीकाठच्या आमच्या शहरात, टेकडीवर शहिदांचं स्मारक आहे. त्याची दगडी भिंत बांधताना उभारलेल्या परांचीच्या फळ्यांतून यॉम सुताराने मला ठोकून काढलं. भिंत देखणी झाली होती खरी, पण तिच्यावर कोरलेल्या शहिदांच्या नावांपैकी वरची नावं फारच उंच गेली होती.

माणूस मी पावलांवरून ओळखते. चकचकीत बूट माझ्यावर कधी चढत नाहीत. ते खालूनच वाकतात आणि फोटो निघाला की उतरणीला लागतात. चढतात ते रबरी जोडे. त्यांतले सर्वांत हक्काचे ओक्बुन आजींचे. त्यांचा भाऊ, क्वाक दुसिक, युद्धावरून परतला नाही. त्याचा देहही आला नाही. हात लावावा असं त्याचं एवढंच उरलंय, दगडातली अक्षरं. आडनाव वर्णमालेत अगदी सुरुवातीला, म्हणून नाव अगदी वरच्या ओळीत. दर सहा जूनला, शहीद दिनी, आजी चढायच्या, रुमालाने अक्षरं पुसायच्या आणि भावाला घरच्या बातम्या द्यायच्या. उतरताना मला थोपटून म्हणायच्या, "सुनेपेक्षा हीच बरी. उलट बोलत नाही!"

मग माझा रंग उडाला, एक पाय डुगडुगू लागला. स्मारकाचे नवे व्यवस्थापक मेंग साहेब यांनी मला समोरच्या कोठीत खराट्यांशेजारी टाकलं. दाराच्या जाळीतून भिंत दिसायची, एवढंच सुख.

सहा जून उजाडला. आजी आल्या.

"माझी शिडी कुठाय?"

"मोडकी होती, आजी. पडला असतात म्हणजे? खालूनच नमस्कार करा, पोचतो."

"नमस्कार पोचेल हो, रुमाल कसा पोचणार?"

"आता दगडातलं नाव मी खाली आणू का?"

"मग मला वर न्या."

साहेब हसले. आजी हसल्या नाहीत. रुमाल मुठीत धरून नुसत्या वर बघत राहिल्या. साहेबांचं हसू विरलं. त्यांनी कोट काढला, भिंतीकडे तोंड करून खाली बसले आणि आजींना पाठुंगळी घेऊन उठले.

"दादा, यंदा बटाटे मुठीएवढे आलेत," आजी अक्षरं पुसत म्हणाल्या. "आणि हे मेंग साहेब. जरा डुगडुगतात, पण माणूस चांगला आहे."

"आजी, आटपा की लवकर!" साहेब धापा टाकत म्हणाले.

"थांबा हो, नातीच्या लग्नाचं राहिलंय."

अखेर आजी उतरल्या. घाम पुसत साहेबांनी मागे पाहिलं, तर आणखी चार आज्या रुमाल काढून रांगेत उभ्या!

मित्रांनो, साहेब कोठीकडे काय धावत सुटले! मला उचललं, बाहेर आणलं, तिथल्या तिथे पायाला खिळे मारले. आता मी पुन्हा भिंतीपाशी असते, आणि कुणी चढलं की साहेब मला दोन्ही हातांनी धरतात.

तेव्हा, मोडकी वस्तू टाकण्याआधी तिला एक खिळा मारून पाहा. आणि वीरांची नावं हवी तितकी उंच कोरा. फक्त त्यांच्या बहिणींचा हात तिथवर पोचेल, एवढी सोय ठेवा.