बॉनेटवरचा हात

मित्रांनो, मी एक वापरलेली आलिशान गाडी आहे. 'आलिशान' हा शब्द माझा नव्हे, जाहिरातीतला. मला रस्त्यात पाहून तुम्ही "बापरे, केवढी गाडी!" म्हणता. जरा थांबा. आधी माझी हकिगत ऐका आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा चार चाकांपाशी लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या बसवल्या. एक छोटा पंप त्यांत हवा भरतो आणि मी उंच होते. दारातलं बटण दाबलं की हवा सोडून मी खाली बसते, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाय फार उचलावा लागत नाही. मला याचा फार गर्व होता. माझा पहिला मालक बिल्डर होता. त्याने ते बटण एकदाही दाबलं नाही, कारण त्याला उंचावरून खाली बघायलाच आवडायचं. सहा वर्षांनी पिशव्यांच्या रबराला भेगा पडल्या. चारही बदलायचा खर्च ऐकला आणि त्याने दुसऱ्याच दिवशी मला जुन्या गाड्यांच्या दलालाकडे सोडलं. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दलालाला माझं दुखणं पक्कं ठाऊक होतं. इंजिन बंद करून उभी केली, की चार-पाच तासांत हवा निघून माझा पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकायचा. इंजिन चालू असलं, की पंप धापा टाकत हवा भरत राही आणि मी ताठ दिसे. म्हणून गिऱ्हाईक यायचं असलं, की तो सकाळपासून इंजिन चालू ठेवी.

असंच एक गिऱ्हाईक आलं. त्याची हॉटेलांच्या चादरी धुण्याची लाँड्री होती. बरोबर त्याचा मेहुणा होता. त्याला घरात सगळे 'एक्स्पर्ट' म्हणत, कारण एकदा त्याने कुणाची तरी बंद पडलेली स्कूटर चालू करून दिली होती. एक्स्पर्टने टायरला लाथ मारली, डिकी चार वेळा आपटली आणि माझ्या आरशात स्वतःचे केस नीट केले.

"इंजिन आधीच चालू कसं?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"एसी लावून ठेवलाय साहेब. तुम्हाला आत गार वाटावं म्हणून," दलाल म्हणाला.

"बघा दाजी, याला म्हणतात सर्व्हिस!" एक्स्पर्टने मान डोलावली.

बॉनेटवर हात कुणीच ठेवला नाही.

लाँड्रीवाल्याच्या आईचे गुडघे पार गेले होते. तिच्यासाठीच तर त्याने मला घेतलं. पहिल्या दिवशी ती दाराशी आली, त्याने बटण दाबलं आणि मी हळूच खाली बसले. "अगं बाई! ही तर माझ्यासाठी वाकली!" म्हणून ती लहान मुलीसारखी हसली. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली खरी शाबासकी तेवढीच. ती येता-जाता माझ्या दारावर थोपटायची. लाँड्री तिनेच उभी केली होती आणि तिथे तिचा एक नियम होता. धुताना चादर फाटली, तर घडी अशी घालायची की फाटका भाग वर दिसेल. आत लपवलेला सापडला, तर ती सगळ्यांसमोर कान उपटायची. मला वाटलं, चला, शेवटी चांगल्या घरात पडले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी अंगणात एका कुशीवर टेकलेली सापडले. गॅरेजच्या मिस्त्रीने पिशव्या बदला म्हणून सांगितलं. आकडा ऐकून लाँड्रीवाला मट्कन खुर्चीत बसला. पंप त्यामानाने स्वस्त होता, म्हणून त्याने पंप तेवढा बदलला. सहा महिन्यांत नवा पंप जळला. त्याने पुन्हा पंपच बदलला.

मिस्त्री वैतागला. "अहो, फुटक्या बादलीत पाणी भरून भरून माणूस दमला, तर तुम्ही माणूस बदलताय. बादलीचं काय?"

पण तोवर इंजिनामागचा पाण्याचा पाइप तडकला. पाइप प्लास्टिकचा, चार पैशांचा. पण तिथे हात पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागलं, त्याची मजुरी निराळी. मग छतावरच्या काचेची पाणी जायची नळी पालापाचोळ्याने तुंबली. पाणी सीटखालच्या तारांत शिरलं आणि माझ्या खिडक्या मनाला येईल तेव्हा वर-खाली होऊ लागल्या. शेजारीपाजारी हसले. मला लाज वाटली, आणि रागही आला. दुखणं एक आणि उपचार भलताच, यात माझा काय दोष?

आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे माझ्यात गेले. "आई, पुढच्या वर्षी नक्की करू," लाँड्रीवाला म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. जगाच्या चादरी धुणाऱ्या त्या माणसाने मला धुणंही सोडलं. आई मात्र भिंत धरून यायची आणि थोपटून जायची.

मग एके दिवशी मी चकाचक झाले. सकाळी आठपासून माझं इंजिन चालू होतं. मला सगळं कळून चुकलं. अकराला एक नर्स आली, सोबत तिचे वडील. ते खुब्याचं हाड मोडून नुकतेच उठले होते.

"एसी लावून ठेवलाय ताई. आत गार वाटावं म्हणून," लाँड्रीवाला म्हणाला. तेच शब्द, अगदी तसेच.

बटण दाबलं. मी खाली बसले. वडील अलगद आत बसले आणि अगदी लाँड्रीवाल्याच्या म्हाताऱ्या आईसारखेच हसले. नर्सने सवयीने, कपाळावर ठेवावा तसा, माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"बरीच तापलीय हो."

"आत्ताच एक फेरी मारून आणली."

तिचा हात तिथेच राहिला. ती दारातल्या खुर्चीवर बसलेल्या म्हातारीकडे वळली. "आजी, तुम्ही बसता ना यात? खरं सांगा, काही त्रास नाही ना?"

मी टेकायचा जिवापाड प्रयत्न केला, पण मेला पंप मला उचलून धरत राहिला. लाँड्रीवाला आईच्या गुडघ्यांकडे बघत होता. म्हातारीने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

"काही त्रास नाही गं," ती म्हणाली. "माझ्यासाठी वाकते बघ ती. तुझ्या बाबांनाही सुख होईल."

नर्सने हात काढून घेतला. मी निघाले तेव्हा म्हातारीने दारावर थोपटलं नाही. तिने मान दुसरीकडे वळवली होती.

आता मी नर्सच्या दारात एका कुशीवर पडून आहे. बटण दाबायची गरजच उरली नाही. वडील भाड्याच्या गाडीने दवाखान्यात जातात. म्हातारीचं ऑपरेशन झालं असेल. ती आता दोन पायांवर नीट चालत असेल, आणि तरी मला तिचा राग येतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जुनी गाडी बघायला जाल. न सांगता जा. बॉनेटवर हात ठेवा, आणि ते गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. उद्या विकायची पाळी तुमच्यावर आली, तर फाटका भाग घडीच्या वर ठेवा.

नर्स अजूनही कामावर जाताना माझ्या बॉनेटवर क्षणभर हात ठेवते. आता ते थंडगार असतं. त्या दिवशीही तिच्या हाताला बरोबर कळलं होतं. तिने फक्त म्हातारीवर विश्वास ठेवला.