खुर्चीला घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या कुवेतमधल्या फहाहीलच्या खोलीत जगन्नाथ नावाचा माणूस होता, तो बसत नसे. झोपायचा आडवा, काम करायचा उभा. मधली जी एक अवस्था माणसाला दिलेली आहे, ती त्याच्या वाट्यालाच आली नव्हती. रिफायनरीत पाइपांवर आवरण चढवायचं त्याचं काम, ते उभ्याने होऊन जाई. जेवण उभ्याने, दाढी उभ्याने. कंपनीच्या बसमध्ये रिकाम्या सीटसमोर दांडी धरून उभा. टेकला रे टेकला की स्प्रिंग सुटल्यासारखा उठायचा आणि येरझारा घालायचा. गालिचावर त्याच्या फेऱ्यांची अशी पायवाट पडली होती की खोलीत नवीन आलेला माणूस आपसूक तिच्यावरून चालायला लागे.

मी, सखाराम, त्या खोलीचा स्वयंपाकी. मी खोटं बोलत नाही, फक्त फोडणी देतो.

हे असंच चाललं असतं. पण गावाला स्वराचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं. कन्यादानाला बापाने पाटावर बसायचं असतं, आणि पाटापर्यंत पोचायला विमानात बसायचं असतं. मागच्या गणपतीला त्याने प्रयत्न केला होता. पट्टे बांधायची वेळ आली तरी हा उभा. हवाई सुंदरीने विनवलं, वैमानिकाने दटावलं, शेवटी खाली उतरवलं.

"सखारामकाका, विमानात उभ्यान जावक मिळात काय?" तो मला विचारी.

"मिळात की. पंखावर."

तो हसत नसे. फेऱ्या तेवढ्या वाढवी. लग्न जवळ येत गेलं तसा तो खोलीत पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरायला लागला, आणि त्याच्याकडे बघून आमच्याही पायांना मुंग्या येऊ लागल्या.

मग अशरफला बोलावलं. अशरफ तिथल्या राई भागातल्या एका गॅरेजात मोटारींचे एसी दुरुस्त करी. मूळचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. संमोहनाची कुठलीशी ऑनलाइन परीक्षा त्याने दिली होती. डोळ्यांसमोर घड्याळ हलवणं त्याला जुनाट वाटे. तो माणसाला गॅरेजातल्या गाडीत बसवी, कोरड्या काचेवर वायपर सुरू करी आणि हळू आवाजात बोलत राही. आमच्या खोलीतला मुकेश नखं खायचा. अशरफने त्याला हुकूम केला, रोज संध्याकाळी तासभर नखंच खायची, मध्ये फोन नाही, चहा नाही. आठवड्याच्या आत मुकेश कंटाळून सुटला.

पण वायपरसमोर बसायला मुळात बसावं लागतं! अशरफ हार मानणारा नव्हता. "चल, चालता चालता झोपवतो," म्हणाला आणि जगन्नाथबरोबर गॅरेजात फिरत पुटपुटू लागला. जगन्नाथ टक्क जागा राहिला. अशरफच गुंगीत गेला आणि टायरांच्या चळतीवर जाऊन आदळला.

कपाळ चोळत त्याने विचारलं, "अरे बाबा, शेवटचा निवांत कधी बसला होतास?"

जगन्नाथ पहिल्यांदाच थांबला. "पडवीत. कुवेतला पयलो निघालंय तेव्हा. स्वरा ल्हान होती, मांडयेर निजलेली. गाडी इली. तिका चटयेर ठेवलंय नि उठलंय. तेव्हापासना खंय टेकलंय की मांडी रिकामी लागता. आधी निभत होता. आता नाय."

आणि पुन्हा चालायला लागला. अशरफ मात्र उभा राहून विचार करत राहिला.

जगन्नाथच्या निघायच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो आमच्या खोलीवर आला. मधोमध लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली. म्हणाला, "आमच्या गावात जत्रेला देवळासमोर गाऱ्हाणं घालायचे. लहानपणी मी कुंपणावर बसून ऐकायचो. गुरवाच्या आवाजाने माणसं कशी डोलायची! वायपर काय करील! पण देवाला मी मध्ये घेत नाही. मी खुर्चीलाच घालतो."

कोकणात कुणी गाऱ्हाणं घातलं की ऐकणाऱ्याने दर वाक्याला होकार भरायचा असतो. तो आपण भरत नाही, तोंड भरतं. आणि शेवटी नारळ फुटला की गाऱ्हाणं पुरं होतं.

अशरफने हात जोडले. "बा खुर्चीबाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खाटेवर बसलेले मी आणि मुकेश, तांदळाच्या पोत्यावर बसलेला आमच्या खोलीतला जयराम, आणि खुद्द जगन्नाथ.

"ह्यो तुझो लेकरू आज तुझ्या पदरात येता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका असो बसव, असो बसव, की नारळ फुटापर्यंत उठता नये!"

"व्हय म्हाराजा!"

जगन्नाथचे गुडघे वाकले. तो बसला. खुर्ची करकरली, त्याने मान मागे टाकली आणि असा श्वास सोडला की पडदा हलला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात भात करपल्याचा वास आला. मी उठायला गेलो तर उठवेना! मुकेशला उठवेना. जयराम पोत्याला चिकटलेला. होकार आम्हीही भरला होता ना!

"अशरफ, मेल्या, नारळ फोड!"

"फोडला तर तोही उठेल! विमान संध्याकाळी आहे!"

शिवाय नारळ होता कुठे? मी पाकिटातला खोबऱ्याचा कीस वापरणारा. अशरफने बायकोला, तबस्सुमला, फोन केला. ती बाजारातून नारळ घेऊन आली आणि दारातच थबकली. "या अल्ला, सगळ्यांच्या कमरा एकदम गेल्या?"

बेत असा ठरला. अशरफने जगन्नाथला खुर्चीसकट लिफ्टमधून उतरवून गाडीत चढवायचं आणि विमानतळाच्या रस्त्याला लागायचं, म्हणजे नारळाचा आवाज त्याच्या कानी पडणार नाही. मग तबस्सुमने उंबऱ्यावर नारळ फोडायचा. फट्ट! आम्ही तिघे छताला डोकं लागेल असे उडालो. भाताचा कोळसा झाला होता.

विमानात तो इतका छान बसला की उतरायची वेळ आली तरी बसलेलाच. चाकांच्या खुर्चीतून मोटारीत, मोटारीतून घरी. मी त्याच्या बायकोला, रत्नमालेला, फोनवर बजावलं, "वहिनी, कन्यादान होईपर्यंत घरात नारळ फुटता नये."

"कोकणातल्या लग्नात? भावजी, तुमका ऊन लागला काय?"

पण बाई शहाणी. घरातले नारळ खोलीत कोंडले आणि किल्ली कमरेला खोचली.

लग्नाच्या दिवशी आम्ही, अशरफही, फोनपुढे दाटीवाटीने बसलो होतो. पडद्यावर मांडव, पाटावर जगन्नाथ, शेजारी स्वरा. भटजींनी पाण्याची संततधार धरायला सांगितलं. आणि मागून उशिरा पोचलेला नवऱ्याचा कुणी मामा आला, पिशवीतून स्वतःचा नारळ काढला, नवऱ्यावरून ओवाळला आणि घातला दगडावर.

फट्ट!

फहाहीलमध्ये आम्ही सगळे उडालो. फोन पालथा पडला. तो सुलटा करायला कुणी धजेना. शेवटी मीच उचलला.

जगन्नाथचा एक गुडघा पाटावरून उचललेला होता. त्यावर स्वराचा मेंदीचा हात होता.

"बाबा, चाललात?"

त्याने गुडघा हळूच खाली टेकवला. "खंय नाय गो. बसलंय मी."

"नारळ फुटलाय," अशरफ कुजबुजला. "आता त्यात माझं काहीच नाही."

पाणी हातावरून हातावर पडत राहिलं, जगन्नाथ बसून राहिला. आम्ही मात्र कॉल संपेपर्यंत उभेच होतो, आणि मुकेश तर गालिचावरच्या त्या पायवाटेवरून चालायलाही लागला होता.